ईलच्या जन्मस्थळाचा शोध
आपल्या वामसारखा लांबोडका ईल मासा युरोपच्या नद्यांतून विपुल मिळे. त्याची अंडी मात्र कुणास सापडत नसत. ईल चिखलातून उपजतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले. त्यास आम्ही हसणार नाही. पुढील दोन हजार वर्षे विद्वानांनाही या जन्माचा ठाव लागला नाही.

१९०४ साली डॅनिश संशोधक योहानेस श्मिट यांना फेरो बेटांजवळ, भर अटलांटिकात, ईलचे पानासारखे चपटे, पारदर्शक पिलू मिळाले. मग त्यांनी महासागर जाळ्याने चाळला. हिशेब साधा होता : जिथे पिले सर्वांत लहान, तिथेच जन्मस्थळ. १९२२ मध्ये त्यांनी बोट ठेवले ते बर्म्युडाच्या दक्षिणेस, सारगासो समुद्रावर.

नदीत वाढलेला ईल आयुष्यात एकदाच, हजारो किलोमीटर पोहून, तिकडे प्रजननासाठी जातो. वाटेतल्या धरणांना हे कोण सांगणार? १९८० च्या सुमारास घसरण लागली आणि किनाऱ्यास लागणारी पिले ९० टक्क्यांहून अधिक घटली. मानवी अडथळा नसता तर जितके ईल समुद्रास मिळाले असते, त्यांच्या वजनाने किमान ४० टक्के तरी जावेत, असे ध्येय युरोपीय संघाने २००७ मध्ये कायद्याने ठरविले. उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बांधून सोडलेले ईल सारगासोत पोहोचल्याचा थेट पुरावा २०२२ मध्ये प्रथमच प्रसिद्ध झाला. अंडी मात्र तेथेही अद्याप कुणाच्या दृष्टीस पडलेली नाहीत.