दाराशीं आलेला कायोटी

मनुष्यानें ज्याला शत्रु म्हणून हांकून लावावें तोच कांहीं काळानें त्याच्या अंगणांत येऊन उभा राहावा, हा इतिहासांतील नित्याचा चमत्कार आहे. राज्यांच्या इतिहासांतील अशीं उदाहरणें वाचकांस पुष्कळ ठाऊक असतील. आज आम्ही त्यांच्यापुढें जें उदाहरण ठेवणार आहों तें एका जनावराचें आहे. इ. स. २००७ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील शिकागो शहराच्या ऐन मध्यवस्तींत, भर दिवसा, एक रानटी जनावर एका उपाहारगृहाच्या उघड्या दारांतून आंत शिरलें आणि थंड पेयांच्या कपाटांत जाऊन स्वस्थ बसलें. त्यानें कोणास इजा केली नाहीं. नगरपालिकेचीं माणसें आलीं व त्याला घेऊन गेलीं. हें जनावर म्हणजे कायोटी.

कायोटी हा कुत्रा, लांडगा व कोल्हा यांच्याच कुळांतला. आमच्याकडील कोल्ह्याहून तो अंगानें कांहींसा थोर, आणि लांडग्याहून पुष्कळ लहान असतो. मेक्सिकोंतील नहुआ लोकांच्या भाषेंत त्याला ‘कोयोत्ल’ म्हणत. त्यावरून स्पॅनिश लोकांनीं हें नांव उचललें. मेक्सिको शहराच्या कोयोआकान या भागाच्या नांवांतही तोच शब्द आहे. आझ्टेक लोकांच्या देवमंडळांत नृत्यगीतांचा एक देव होता, त्याच्या नांवाचा अर्थच ‘म्हातारा कायोटी’ असा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील मूळ रहिवाशांच्या कथांत तर कायोटीवांचून पान हालत नाहीं. कोठें तो अग्नि चोरून आणून मनुष्यास देतो, कोठें आपल्याच लबाडीच्या जाळ्यांत सांपडून हास्यास्पद होतो. करटक आणि दमनक यांच्याशीं ज्यांचा बाळपणापासून परिचय आहे त्या आमच्या वाचकांस हा प्राणी परका वाटूं नये. त्या लोकांनीं कायोटीशीं हजारों वर्षें शेजार केला. त्या शेजाराच्या या कथांत त्याला हंसणें आहे, त्याचा धाक आहे, परंतु त्याचा निर्वंश करण्याची भाषा नाहीं.

युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांची गोष्ट निराळी. १८०४ च्या सप्टेंबरांत लुइस व क्लार्क यांच्या संशोधक तुकडीनें मिसूरी नदीच्या कांठीं या जनावराची शिकार केली, आणि त्याला ‘माळावरचा लांडगा’ असें नांव दिलें. १८२३ सालीं थॉमस से या प्राणिशास्त्रज्ञानें ‘भुंकणारा श्वान’ या अर्थाचें लॅटिन नांव देऊन शास्त्राच्या वहींत त्याची नोंद केली. १८७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनांत मार्क ट्वेन यानें त्याच्या दैन्याची यथेच्छ टवाळी केली. मात्र त्याच्या पाठीस लागणाऱ्या गांवांतल्या कुत्र्याची कशी फजिती होते, हेंही त्यानेंच सांगितलें आहे. पुढें या टवाळीची जागा द्वेषानें घेतली.

या द्वेषाच्या मुळाशीं मेंढरूं होतें. पश्चिमेकडील विस्तीर्ण माळ गुरांनीं व मेंढ्यांनीं भरूं लागले. तेथील बायसनांचे अफाट कळप बंदुकीनें नाहींसे झाले. आणि भुकेले लांडगे व कायोटी पाळीव कळपांवर पडूं लागले. धनगराचें गाऱ्हाणें खोटें नव्हतें. वर्षभर राबून वाढविलेलीं कोंकरें ज्यानें एका रात्रींत गमावलीं, त्याला निसर्गाच्या समतोलावर व्याख्यान देणें ही क्रूरता होय. परंतु सरकारनें जी योजना केली ती रोगापेक्षां इलाज भयंकर अशा प्रकारची होती. १९१५ सालीं तेथील विधिमंडळानें १,२५,००० डॉलर मंजूर करून कृषिखात्याच्या जीवसर्वेक्षण विभागाकडे हिंस्र पशूंच्या संहाराचें काम सोंपविलें. १९२६ पर्यंत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांतील शेवटचे लांडगेही मारले गेले. लांडगे संपल्यावर सर्व मारा कायोटीवर वळला. १९३१ च्या कायद्यानें दहा वर्षें दरसाल दहा लाख डॉलरपर्यंत खर्चाची तरतूद केली. सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांनीं त्यापूर्वींच आक्षेप घेतले होते, पण त्यांचें कोणीं ऐकलें नाहीं. सांपळे होते, बंदुका होत्या, कुचल्याच्या सत्त्वाचें विष होतें. आणि १९४० नंतरच्या दशकांत ‘दहा-ऐंशी’ या आंकड्यानें ओळखलें जाणारें नवें विष त्यांच्या जोडीस आलें.

या युद्धांत लांडगा हरला. कायोटी हरला नाहीं. लांडग्याचें जीवन टोळीवर व मोठ्या शिकारीवर अवलंबून. कायोटी मात्र एकटा राहूं शकतो, जोडीनें राहूं शकतो, आणि उंदरापासून फळापर्यंत जें मिळेल तें खातो. शिवाय त्याच्या वंशविस्ताराची रीत अशी आहे कीं, एखाद्या प्रदेशांत त्याची संख्या घटली म्हणजे उरलेल्यांस अन्न मुबलक मिळतें, अधिक माद्या वितात, आणि एकेका वेतांत पिलेंही अधिक होतात. १९७५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील दोघां अभ्यासकांनीं गणित मांडून दाखविलें कीं, दरवर्षीं शेंकडा ७५ कायोटी मारीत गेलें तरच पन्नासांहून कांहीं अधिक वर्षांनीं त्यांचा निःपात होईल. इतका संहार कोणत्याही सरकारच्या आवांक्यांतला नव्हता. विषास मात्र शत्रु व मित्र हा भेद कळत नाहीं. १९७१ सालीं वायोमिंग राज्यांत विषारी आमिषानें गरुड मेल्याचें उघडकीस आलें, लोकमत खवळलें, आणि १९७२ च्या फेब्रुवारींत अध्यक्ष निक्सन यांनीं सरकारी जमिनींवर अशा विषांचा वापर बंद केला. तरीही संहार थांबला नाहीं. २०२१ या एका वर्षांत सरकारी खात्यानें ६४,००० हून अधिक कायोटी मारले.

याहून मोठा परिणाम निराळाच झाला. लांडगा हा कायोटीचा जन्मवैरी. १९९५ सालीं यलोस्टोनांत लांडगे पुन्हां आणून सोडतांच तेथील उत्तर भागांतल्या कायोटींची संख्या थोड्याच वर्षांत निम्म्यावर आली, यावरून त्या वैराची कल्पना यावी. हा पहारेकरी मनुष्यानें स्वहस्तें मारला. पूर्वेकडील अरण्यें तोडून शेतें केलीं. आणि कायोटीस राजमार्ग मोकळा झाला. माळांत व वाळवंटांत राहणारा हा प्राणी महासरोवरांच्या बाजूनें पूर्वेकडे सरकला. वाटेंत लांडग्यांशीं व कुत्र्यांशीं त्याचा संकर होऊन पूर्वेकडे त्याची अधिक थोर अशी प्रजा निपजली. आज हवाई वगळतां संयुक्त संस्थानांतील प्रत्येक राज्यांत त्याची वस्ति आहे. १९९९ व २००६ सालीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें त्याला पकडावें लागलें. आणि २०१० नंतरच्या दशकांत तो पनामाच्या कालव्यापलीकडेही दिसूं लागला. ज्याला नाहींसा करण्यास सरकार निघालें, त्याला त्याच मोहिमेनें एका खंडाचें राज्य मिळवून दिलें.

आतां हा पाहुणा उपनगरांत दिसला म्हणजे घरांघरांत दोन प्रकारचीं मनें दिसून येतात. एक भयभीत होऊन बंदुकीची आठवण करतें; दुसरें कौतुकानें त्याच्यापुढें अन्न टाकतें. आमच्या मतें हीं दोन्ही मनें चुकतात. शिकागोच्या परिसरांत स्टॅन्ली गर्ट या प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं २००० सालापासून कायोटींचा अभ्यास चालू आहे. तेथें त्यांच्या विष्ठेचे सुमारें १,४०० नमुने तपासतां शेंकडा ४२ नमुन्यांत उंदीरवर्गीय प्राण्यांचे अवशेष सांपडले. मांजरांचे अवशेष शेंकडा दोहोंहूनही कमी नमुन्यांत निघाले. म्हणजे ज्याला आपण चोर समजतों तो बहुतांशीं उंदीरच वेंचीत असतो.

परंतु म्हणून त्याला निरुपद्रवी म्हणणें हा दुसरा प्रमाद होय. अमेरिका व कॅनडा या दोन देशांत मिळून कायोटीनें माणसाचा जीव घेतल्याच्या दोनच घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं पहिली १९८१ सालीं कॅलिफोर्नियांतील ग्लेन्डेल गांवीं घडली, आणि तींत तीन वर्षांची एक मुलगी आपल्याच घराच्या अंगणाशीं बळी पडली. त्यानंतर ऐंशी दिवसांत त्या घराभोंवतींच्या अर्ध्या मैलांतून पंचावन्न कायोटी काढण्यांत आले. एवढ्याशा वस्तींत पंचावन्न कायोटी कशावर जगत होते? उपनगरांतील उघडा कचरा, परसांतील फळें, कुत्र्यामांजरांसाठीं बाहेर ठेवलेलें अन्न, आणि हौसेनें दिलेला घांस, यांवर पोसलेल्या जनावराची माणसाविषयींची भीति मरते, आणि भीति मेली कीं संकटास आरंभ होतो. त्या मुलीच्या आईबापांस ‘दोनच घटना’ या आंकड्यानें काय समाधान व्हावें? आंकडा लहान आहे हें खरें. पण तो लहान ठेवणें हें मनुष्याच्या हातीं आहे, हें त्याहून अधिक खरें.

यास्तव जाणते लोक तेथें आतां जो उपाय सांगतात तो साधा आहे. अन्न झांकावें, लहान मुलास व लहान कुत्र्यास एकटें सोडूं नये, आणि कायोटी दिसला तर पाठ फिरवून न पळतां ओरडून, भांडें वाजवून त्याला परत लावावें. मेंढपाळांनींही १९७० नंतर राखणीच्या थोर कुत्र्यांचा आश्रय केला. आमच्या धनगरांस ही युक्ति कोणीं शिकवावी लागत नाहीं.

असो. शंभर वर्षांचें द्रव्य, विष व दारूगोळा खर्चून एका बलाढ्य राष्ट्रानें जें शिकावें तें या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या कथांत आधींच होतें: कायोटी हा मारून संपणारा शत्रु नव्हे, आणि जवळ घेण्याजोगा मित्रही नव्हे; तो शेजारी आहे. शेजाऱ्याशीं कुंपण राखूनच सलोखा राहतो. तें कुंपण मनुष्यानें आपल्या हातांनीं मोडलें. आतां तें त्यानेंच नीट बांधावें, हा या इतिहासाचा इत्यर्थ होय.