फोल्डर आपोआप वाचणारी फाइल : जावास्क्रिप्टमधील एका सोयीचा इतिहास

१/ मे १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचे पहिले रूप उभे केले. त्या भाषेत एका फाइलने दुसरीला बोलावण्याची सोयच नव्हती. पानावर स्क्रिप्टचे टॅग ज्या क्रमाने लिहावेत त्या क्रमाने फाइली चालत. क्रम चुकला की सारे ठप्प.

२/ २००९ साली रायन डाल यांचे नोड आले. त्याने कॉमनजेएसची ‘रिक्वायर’ पद्धत स्वीकारली. फोल्डरचे नाव दिले की नोड त्यातील इंडेक्स.जेएस शोधून उघडत असे, वेबवरील इंडेक्स.एचटीएमएलचेच हे अनुकरण. शेजारच्या फाइली मात्र आपोआप येत नसत. प्रत्येकीचे नाव हाताने लिहावे लागे.

३/ कंटाळलेल्या प्रोग्रामरांनी यावर युक्ती काढली. टीजे होलोवायचुक यांच्या ‘कनेक्ट’ लायब्ररीत ती फार देखणी उतरली. मिडलवेअरचे फोल्डर वाचायचे, .जेएसने संपणारी नावे वेचायची आणि प्रत्येक नावावर एक गेटर बसवायचा. ते नाव कोणी वापरले तरच फाइल उघडायची. नवी फाइल फोल्डरात ठेवली की काम संपले. यादी राखणे नको.

४/ ही सोय सर्व्हरवर शोभली, ब्राउझरच्या दारात अडली. २०११ मध्ये आलेले ब्राउझरिफाय सर्व फाइलींची एक मोट बांधत असे. पण त्यासाठी ते कोड चालवत नसे, केवळ वाचत असे. रिक्वायरच्या कंसात नाव स्पष्ट असेल तरच त्याला फाइल सापडे. चालता चालता जुळवलेले नाव त्याला दिसणार कसे? आणि ब्राउझरमध्ये वाचायला फोल्डर तरी कुठले?

५/ २०१५ च्या ईएस२०१५ मानकाने स्पष्टतेचाच पक्ष घेतला : ‘इम्पोर्ट’ विधानात फाइलीचे नाव अक्षरशः लिहिलेले हवे. वेबपॅक आणि व्हीट यांनी मधला मार्ग काढला. फोल्डर वाचला जातो, पण बांधणीच्या वेळी, आणि नावांची यादी साधनच लिहून देते.

६/ जून २०१८, बर्लिन. जेएसकॉन्फ ईयूच्या व्यासपीठावर डाल यांनी नोडविषयीच्या आपल्या पश्चात्तापांची यादी वाचली. तीत इंडेक्स.जेएसही होती : तिने मॉड्यूल शोधण्याची रीत विनाकारण गुंतागुंतीची केली, असे त्यांचे मत. एवढी प्रांजळ कबुली तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळाच. तोवर असंख्य पॅकेजे तिच्यावर विसंबली होती, त्यामुळे रिक्वायरमधून ती निघाली नाही. नोडच्या इम्पोर्टमध्ये मात्र नुसते फोल्डरचे नाव चालत नाही. फाइलीचा पूर्ण पत्ता, शेवटच्या.जेएससह, लिहावा लागतो.