मंडईचा प्रभाग : एक मत, चार मतं

परवा १५ जानेवारीला मत देऊन आलो. शाळेच्या खोलीत, त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा राहिलो आणि अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबली. माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांनी एकच मत दिलं आणि निघाल्या. कर्मचारी म्हणाला, "आजी, अजून तीन राहिली." आजी म्हणाल्या, "अरे, मला एकच माणूस ओळखीचा आहे, बाकीच्यांना कशाला देऊ?" शेवटी त्यांना समजावलं की चारही मतं पूर्ण झाल्याशिवाय मशीन पुढे जात नाही, कुणी नको असेल तर 'नोटा' दाबा. त्यांनी काय दाबलं ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांचा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात होता.

आमच्या प्रभागाचं नाव 'शनिवार पेठ – महात्मा फुले मंडई'. या नावातच आपल्या शहराच्या कारभाराचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे, म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

पुण्यात नगरपालिका आली १८५७ च्या सुमारास. सुरुवातीला निवडणूक वगैरे काही नव्हतं, सरकार नेमेल तो सभासद. १८७६ मध्ये जोतीराव फुले असेच नियुक्त सभासद म्हणून गेले. म्हणजे त्यांना कुणी मत दिलं नव्हतं. तरी त्यांनी तिथे काय केलं ते बघा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. फुल्यांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा. बत्तीस सभासदांत विरोधात मत पडलं एकच, त्यांचं. पुढे नव्या मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च करण्यालाही त्यांनी विरोध केला. मंडई झालीच, १८८६ मध्ये, 'रे मार्केट' या नावाने. आणि ज्या इमारतीला त्यांचा विरोध होता, तिलाच पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने फुल्यांचं नाव मिळालं. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी!

दरम्यान लॉर्ड रिपनचा १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढत गेली. १८९५ मध्ये लोकमान्य टिळक पुणे नगरपालिकेवर निवडून आले. नामदार गोखले पुढे अध्यक्ष झाले. मोठी माणसं, मोठे वाद. पण मतदार कोण? कर भरणारा, मालमत्ता असणारा. मंडईत पाटी वाहणारा हमाल आणि भाजी विकणारी बाई या दोघांसाठी ते दार बंदच होतं.

१९२० च्या सुमारास नगरपालिकेत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसे कमी, म्हणून आधी फक्त मुलांना सक्ती करू, मुलींचं नंतर बघू, असं बऱ्याच बड्या मंडळींचं मत होतं. तेव्हा रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकारी बायका याच रस्त्यांवर मोर्चा घेऊन उतरल्या. आज पुण्याच्या १६५ जागांपैकी ८३ महिलांसाठी राखीव आहेत. ते कागदावर आलं ७४ व्या घटनादुरुस्तीने आणि २०११ मध्ये राज्याने ५० टक्के आरक्षण केल्याने. पण त्याची सुरुवात अशा पायपिटीतून झाली, एवढं लक्षात ठेवूया.

१५ फेब्रुवारी १९५० ला महापालिका झाली, १९५२ मध्ये बाबूराव सणस पहिले महापौर झाले. आता प्रत्येक प्रौढाला मत. म्हणजे मत कुणाला, हे भांडण आपण जिंकलो.

मग आता उरलंय काय? उरलंय ते आजींनी विचारलेलं. हिशेब मागायचा कुणाकडे?

गेल्या पंचवीस वर्षांतला आपला प्रभाग बघा. २००२ ला तीन नगरसेवकांचा, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. मध्ये पुन्हा तीनचा ठरला, सरकार बदललं, पुन्हा चार. दर वेळी हद्द हलते. समोरची गल्ली कधी आपल्यात, कधी दुसऱ्यात. आता ४१ प्रभाग आहेत आणि एका प्रभागाची सरासरी लोकसंख्या ऐंशी हजारांच्या वर. एवढं तर एखादं तालुक्याचं गाव असतं. त्याच दिवशी मुंबईत मात्र २२७ प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक. राज्य एकच, नियम दोन.

चारच्या बाजूनेही मुद्दे आहेत. एकाच माणसाची गल्लीत जहागिरी होत नाही, मोठी कामं एकत्र आखता येतात, हे मला मान्य. पण चौघांची जबाबदारी ती कुणाचीच नाही, हा अनुभवही आपलाच आहे.

आणि त्याहून वाईट, कुणीच नसणं. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. संविधानाचं २४३-यू कलम सांगतं की पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेचे वाद, कोर्टाच्या तारखा यात जवळजवळ चार वर्षं गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, तेव्हा कुठे गाडी हलली. त्या काळात आमच्या वाड्यासमोरचं चेंबर तुंबलं, तेव्हा मी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत होतो. पूर्वी सकाळी चहाच्या टपरीवर नगरसेवकाला गाठून दोन शब्द सुनावता यायचे. तो हक्क गेला होता, आणि आपण त्याबद्दल फारसे ओरडलोही नाही. याची मला स्वतःचीच लाज वाटते.

फुल्यांचं एकटं मत आज आपल्याला माहीत आहे, कारण ते कुणाचं होतं हे कळलं. आपल्या चौघांपैकी सभागृहात कोण कशावर काय बोललं, कुणी कशाला हात वर केला, हे आपल्याला कळायला नको का?

निवडून आले त्यांचं अभिनंदन, कुठल्याही पक्षाचे असोत. माझं ठरलंय. दर तीन महिन्यांनी चौघांनाही एकच प्रश्न लेखी विचारणार आणि उत्तर आलं की नाही ते इथे टाकणार. पहिला प्रश्न चेंबरचा. तुमच्या गल्लीचा पहिला प्रश्न कोणता, तो खाली लिहा. एकट्याच्या पत्राला उत्तर येत नसेल कदाचित. पन्नास जणांच्या येतं.