एका लहान देशाची खानेसुमारी

लोकसंख्येच्या मोजणीला मराठींत दोन जुने शब्द आहेत. एक शिरगणती आणि दुसरा खानेसुमारी. पहिल्यांत डोकीं मोजण्याची कल्पना आहे, दुसऱ्यांत घरें मोजण्याची. ज्याला मोजावयाचें त्याचें नांव मात्र या दोन्ही शब्दांत कोठेंच डोकावत नाहीं, आणि बहुतेक राज्यांनीं आपली प्रजा पूर्वापार अशीच मोजली. कर किती घरांवर बसवितां येईल आणि लढाईला किती पुरुष मिळतील, एवढें कळलें कीं राजाचें काम भागत असे. बायका, मुलें, चाकर आणि भिकारी यांची गणना करण्याचें त्याला कारण नव्हतें. एका संपूर्ण देशांतील प्रत्येक माणूस, मग तो पाळण्यांतील असो कीं रस्त्यावरचा असो, त्याचें नांव, वय आणि दर्जा यांसह कागदावर उतरविला गेला, अशी जी अगदीं जुनी खानेसुमारी आज शाबूत आहे ती उत्तर अटलांटिक महासागरांतील आइसलंड या बेटाची आहे. तिचें वर्ष १७०३.

या सालाचें महत्त्व तुलनेनें अधिक ध्यानांत येईल. फ्रेंचांच्या कॅनडांतील वसाहतींत १६६६ सालीं नांवनिशीवार गणना झाली होती. पण ती सवातीन हजारांच्या आंतबाहेरील वसाहतवाल्यांपुरती होती, सबंध देशाची नव्हती. स्वीडनमध्यें लोकसंख्येचीं कोष्टकें १७४९ पासून तयार होऊं लागलीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १७९० सालीं गणना केली, परंतु तींत कुटुंबप्रमुखाचें नांव लिहून इतरांचे केवळ आंकडे मांडले. इंग्लंडची पहिली खानेसुमारी १८०१ ची. हिंदुस्थानांत पहिला प्रयत्न १८७२ च्या सुमारास झाला आणि सर्व देशांत एकाच वेळीं मोजणी व्हावयास १८८१ साल उजाडावें लागलें. मग एका दरिद्री, थंडीनें गारठलेल्या, एकहि शहर नसलेल्या बेटावर हें काम इतक्या लौकर कसें झालें?

त्याचें कारण वैभवांत नसून विपत्तींत सांपडतें. आइसलंड त्या काळीं डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखालीं होतें. १६०२ पासून तेथील सर्व व्यापाराचा मक्ता डॅनिश व्यापाऱ्यांच्या हातीं होता. प्रत्येक वस्तीला तिचें बंदर आणि तिचा व्यापारी नेमून दिलेला असे. दुसरीकडे माल विकणें हा गुन्हा होता. होल्मफास्ट गुडमुंडसन नांवाच्या एका गरीब कुळानें आपल्या नेमलेल्या बंदराऐवजीं केफ्लाविकच्या व्यापाऱ्याला थोडेसे मासे विकले, म्हणून १६९९ सालीं त्याला फटके मारण्यांत आले. त्यांतच निसर्गहि फिरला. १६९३ मध्यें हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला. शतकाचीं अखेरचीं वर्षें कमालीच्या थंडीचीं गेलीं. किनाऱ्याला समुद्री बर्फाचा वेढा पडला, मासे मिळेनासे झाले, गवताच्या अभावीं जनावरें मेलीं आणि माणसें भीक मागत गांवोगांव हिंडूं लागलीं. अखेर आइसलंडची पुरातन लोकसभा जी आल्थिंग, तिनें लॉरित्स गॉट्रुप या अधिकाऱ्याच्या हातीं कोपनहेगनला गाऱ्हाणें पाठविलें. राजा चौथा फ्रेडरिक यानें तें ऐकून घेतलें आणि १७०२ सालीं दोन सदस्यांचें एक चौकशी मंडळ नेमलें. देशाची स्थिति सुधारावयाची तर आधीं देशांत माणसें किती, जनावरें किती आणि जमीन कशी, हें कळलें पाहिजे, असा त्यामागील विचार होता.

या दोन सदस्यांपैकीं एक आर्नी माग्नूसन. कोपनहेगन विद्यापीठांतील हे प्राध्यापक जुन्या आइसलंडी हस्तलिखितांचे थोर संग्राहक म्हणून प्रसिद्ध आहेत. दुसरे पॉल विदालिन हे कायद्याचे जाणकार होते. जुन्या पोथ्यांचा एक तुकडाहि वायां जाऊं नये म्हणून झटणाऱ्या विद्वानाकडे माणसांच्या नोंदीचें काम यावें, हा योगायोग मोठा बोलका आहे. पोथी जमविणाऱ्याची चिकाटी आणि वकिलाची शिस्त हे दोन्ही गुण या गणनेंत उमटलेले दिसतात.

काम हातीं घेण्यास देशांत एक तयार साधन होतें. शेंकडों वर्षांपासून आइसलंडमध्यें ‘ह्रेप्पूर’ नांवाचे ग्रामसमूह होते. शेतें एकमेकांपासून दूर, मधें नद्या, लाव्ह्याचीं मैदानें आणि बर्फ. तरीहि वीस किंवा अधिक शेतकऱ्यांचा असा एकेक समूह आपल्या हद्दींतील निराधारांच्या पोटाची जबाबदारी वाहत असे. सारा देश अशा दीडशेंहून अधिक समूहांत वांटलेला होता. मंडळानें जिल्ह्यांच्या अंमलदारांना लेखी हुकूम धाडले. अंमलदारांनीं ते ह्रेप्पूरच्या पंचांकडे पोंचविले. घरोघर जाऊन याद्या करण्याचें काम या पंचांनीं केलें. ते स्वतः शेतकरीच होते. ज्यांचीं नांवें ते लिहीत होते त्यांना ते बहुधा ओळखत होते. राजधानींतून परके कारकून पाठविले असते तर हें काम इतकें बिनचूक क्वचितच झालें असतें.

नुसत्या नांवानें माणूस ओळखूं येणें तेथें शक्य नव्हतें. आइसलंडमध्यें आडनांवाची चाल नाहीं. स्वतःचें नांव आणि पुढें बापाचें नांव, एवढ्यावर काम चालतें. त्यांतून नांवेंहि मोजकींच. १७०३ च्या यादींत दर चार-पांच पुरुषांत एक ‘योन’ आणि सुमारें पांच स्त्रियांत एक ‘गुडरून’ आढळते. म्हणून प्रत्येकाचें शेत, वय आणि त्या घरांतील स्थान हीं लिहिणें अवश्य झालें: घरधनी, घरधनीण, मुलगा, चाकर, मोलकरीण, पोसावयास ठेवलेला अनाथ. अशा रीतीनें गरजेपोटीं जी माहिती लिहिली गेली, तीच पुढें इतिहासकारांचें धन ठरली.

सर्वांत अवघड प्रश्न फिरत्यांचा होता. निराधार माणसाला ह्रेप्पूरमधील शेतांवर पाळीपाळीनें ठेवण्याची रीत होती. त्यामुळें एकच माणूस दोन घरांच्या यादींत येण्याचा संभव होता. भिकाऱ्यांना तर घरच नव्हतें. मंडळानें त्यावर साधा तोडगा काढला. १७०३ च्या ईस्टरच्या आदल्या रात्रीं जो जेथें झोंपला असेल, तेथें त्याची नोंद करावी. माणूस दिवसभर कोठेंहि भटको, त्या एका रात्रीं तो एकाच छपराखालीं असणार. पुढें एकोणिसाव्या शतकांत संख्याशास्त्रज्ञांनीं ‘गणनेचा क्षण’ म्हणून जें तत्त्व मांडलें, त्याचें बीज या ईस्टरच्या रात्रींत आहे.

त्या उन्हाळ्यांत थिंगवेल्लिर येथें आल्थिंग भरली, तेव्हां ठिकठिकाणच्या याद्या मंडळाच्या स्वाधीन करण्यांत आल्या. पुढें काळजीपूर्वक केलेल्या बेरजेंत, दोनदां नोंदलेलीं माणसें वगळून, देशाची लोकसंख्या ५०,३५८ भरली. त्यांत स्त्रिया २७,४९१ आणि पुरुष २२,८६७. हा फरक लहान नाहीं. उघड्या होड्यांतून हिंवाळी समुद्रावर मासेमारीस जाणारे पुरुष मोठ्या संख्येनें बुडत, हें त्याचें एक कारण सांगतात. दुसरी गोष्ट गरिबीची. दर सात-आठ माणसांमागें एक माणूस दुसऱ्याच्या भाकरीवर जगत होता. ज्याच्याजवळ जमीन नाहीं त्यानें कोणाच्या तरी घरीं वर्षाच्या करारानें चाकरी धरलीच पाहिजे, असा कायदा होता. आणि चाकराला संसार थाटणें दुरापास्त असल्यामुळें असंख्य स्त्री-पुरुष अविवाहितच राहत. हें सारें त्या यादींत कोणाच्याहि मताची भर न पडतां, एका घराखालीं एक नांव अशा रीतीनें उभें राहतें.

माणसांबरोबर जनावरांचीहि गणना झाली. जमिनीची नोंद करण्याचें काम त्याहून मोठें होतें. शेताचा मालक कोण, खंड किती, गवत किती, नदीनें वा वाळूनें किती जमीन खाल्ली, याची टिपणें घेत मंडळ १७१२ पर्यंत देशभर हिंडलें. कांहीं भाग त्यानंतरहि पुरा झाला. परंतु ज्या सुधारणेसाठीं हा सारा खटाटोप होता ती मात्र आली नाहीं. कुळांची गाऱ्हाणीं लिहून घेतलीं गेलीं, कांहीं अन्यायांची दाद लागली, पण व्यापाराचा मक्ता १७८७ पर्यंत कायम राहिला. ज्यांचीं नांवें पंचांनीं लिहिलीं, त्यांतील बहुतेकांच्या वांट्याला या गणनेचें फळ आलें नाहीं.

उलट, मृत्यूच त्यांच्यापर्यंत आधीं पोंचला. १७०७ सालीं एका जहाजाबरोबर देवीची साथ बेटावर उतरली. दोन वर्षांत ती देशभर पसरली आणि सुमारें एक चतुर्थांश लोक तिनें नेले. हा ‘चतुर्थांश’ सांगतां येतो, तोच मुळीं १७०३ च्या यादीमुळें. कितीजण होते हें ठाऊक नसेल तर कितीजण गेले हेंहि कधीं कळत नाहीं. १७६९ च्या गणनेंत लोकसंख्या ४६,२०१ भरली. १७८३ सालीं लाकी येथील भेगांतून लाव्हा व विषारी वायु बाहेर पडले. गवत नासलें, सुमारें ऐशीं टक्के मेंढ्या मेल्या आणि पाठोपाठच्या दुष्काळांत देशांतील पांचांतील एक माणूस दगावला. १८०१ मध्यें संख्या ४७,२४० होती. म्हणजे शंभर वर्षांनींहि देश १७०३ च्या आंकड्याला पोंचला नव्हता. स्कालहोल्टचे बिशप हानेस फिन्सन यांनीं १७९६ मध्यें दुष्काळांमुळें होणाऱ्या मनुष्यहानीवर एक विस्तृत निबंध लिहिला. देश वारंवार खालीं जातो, पण दर वेळीं पुन्हां सावरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. लाकीच्या राखेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या लोकांना या आंकड्यांनीं केवढा धीर दिला असेल!

त्या याद्यांचें दैवहि थोडें निराळें निघालें. काम संपल्यावर त्या कोपनहेगनला गेल्या. १७२८ मध्यें तेथें मोठी आग लागली. तींत आर्नी माग्नूसन यांच्या ग्रंथसंग्रहाचा कांहीं भाग जळला. पूर्व आइसलंडच्या जमिनीच्या नोंदीहि त्याच आगींत गेल्या असें मानतात. माणसांच्या याद्या मात्र वांचल्या आणि कित्येक वर्षें सरकारी दप्तरांत पडून राहिल्या. विसाव्या शतकांत त्या मायदेशीं परतल्या. आइसलंडच्या संख्याशास्त्र खात्यानें १९२४ ते १९४७ या काळांत त्या समग्र छापून काढल्या, आणि २०१३ सालीं युनेस्कोनें ‘जगाची स्मृति’ या आपल्या सूचींत त्यांना स्थान दिलें. आज आइसलंडमधील कोणीहि आपली वंशावळ मागें मागें नेऊं लागला कीं त्याला या यादीचा आधार मिळतो. गौशाळेंत निजणारा भिकारीहि तेथें कोणाचा तरी पूर्वज म्हणून सांपडतो.

घरांची मोजणी पुष्कळ उशिरां आली. १९१० च्या गणनेंत राहत्या इमारतींची पहिली पद्धतशीर पाहणी झाली. त्या वेळीं निम्म्याच्या आसपास घरें गवताळ मातीच्या ढेंपांनीं बांधलेलीं होतीं. अर्ध्या शतकांत तीं जवळजवळ नाहींशीं होऊन त्यांच्या जागीं कांक्रीटचीं घरें उभीं राहिलीं. माणसांच्या मोजणीनें दुष्काळाचा इतिहास सांगितला, तर घरांच्या मोजणीनें समृद्धीचा सांगितला.

यानंतर एक मोठें स्थित्यंतर झालें. १६ ऑक्टोबर १९५२ रोजीं घेतलेल्या खास गणनेच्या पायावर राष्ट्रीय नोंदवही उभारण्यांत आली. जन्म, मृत्यु, स्थलांतर यांची तींत रोजची नोंद होऊं लागली आणि पुढें प्रत्येक रहिवाशाला दहा आंकड्यांचा क्रमांक मिळाला. घरोघर जाऊन केलेली शेवटची खानेसुमारी १९८१ ची. २०११ आणि २०२१ च्या गणना दप्तरांतील नोंदी एकमेकींशीं जुळवून झाल्या. कोणाच्याहि दारावर थाप पडली नाहीं. लहान देशाला हें साधतें, कारण त्याच्या सर्व माणसांची खूण एका वहींत मावते.

परंतु वही जितकी सोयीची, तितकी ती फसवीहि असूं शकते. १ जानेवारी २०२१ या दिवसाची गणना ३,५९,१२२ निघाली. हा आंकडा नोंदवहीवरून धरलेल्या संख्येपेक्षां सुमारें साडेनऊ हजारांनीं कमी होता. कामासाठीं आलेले पुष्कळ परदेशी लोक देश सोडून गेले होते, पण जातांना आपलें नांव कमी करून गेले नव्हते. त्यांची मिळकत, शाळा, कर यांची कांहींच खूण दप्तरांत दिसेना, तेव्हां तीं नांवें गळलीं. चुकीचा हा आंकडा तसाच राहिला असता, तर किती घरें बांधावीं आणि किती दवाखाने चालवावे याचा हिशेबहि चुकला असता.

१७०३ च्या पंचांना भीति होती ती गरिबाला दोनदां मोजण्याची. २०२१ च्या संख्याशास्त्रज्ञांना चिंता होती ती निघून गेलेल्याला राहिलेला समजण्याची. तीनशें वर्षांत साधनें पालटलीं, प्रश्न मात्र तोच राहिला: कागदावरचा माणूस खरोखरीच त्या छपराखालीं आहे काय? ज्या राज्याला या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर हवें असतें, त्याला माणसाकडे डोकें म्हणून पाहून भागत नाहीं. त्याचें नांव विचारावेंच लागतें.