तांबोळ्याची करंडी आणि उधारीची मुदत

पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली? या कोड्याचे ‘न फिरविल्यामुळे’ हे उत्तर आपल्या ज्ञातीतील लहान मुलासही ठाऊक आहे. त्यांतील पहिला प्रश्न आपल्या तांबोळी पूर्वजांस मात्र रोज पहाटे पडत असे. ओल्या फडक्याखालची करंडी उपसावयाची, डागी पान निवडून काढावयाचे, जुने आधी विकावयाचे.

खरी अडचण निराळीच होती. पानमळेवाल्याकडून माल उधारीवर येई. फेडीची मुदत महिन्याची, पान मात्र थोड्याच दिवसांत पिवळे पडून नासे. रोकड मोजावयाची नसली म्हणजे मागणी करताना हात सैल सुटतो. आणि नासलेल्या पानाचे पैसेही खात्यावर उभे राहतातच. याच पायी आपल्यांतील काही घरांची दुकाने गेली, हे लपविण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात नागवेल फोफावते, पान स्वस्त होते. पण चातुर्मासात लग्ने नसतात. सणावारी विडे लागतात, ते पूजेपुरतेच. त्यांत अधिक मास आला की मंदी महिनाभर लांबे. म्हणून जाणते लोक पंचांग पाहूनच मागणी कळवीत व तुळशीच्या लग्नानंतर ती वाढवीत. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांस थोडा माल वारंवार मागविण्याची सोय झाली.

आमच्या घरच्या जुन्या खतावणीत आषाढातील देणे वैशाखाच्या निम्म्याहून कमी आहे. त्या नोंदीच्या कडेला आजोबांनी ‘कमी मागविले’ एवढेच लिहिले आहे.