झाँ साँ प्योर मनोरा

झाँ साँ प्योर मनोरा हा पॅरिसच्या दुसऱ्या विभागात एत्येन मार्सेल रस्त्यावर असलेला मध्ययुगीन दगडी मनोरा आहे. बर्गंडीच्या ड्यूकांच्या 'ओतेल द बुर्गोन्य' या विस्तीर्ण वाड्याचा हा एकमेव शिल्लक भाग. फ्रेंच 'ओतेल' म्हणजे खानावळ किंवा निवासगृह नव्हे, तर सरदारांचे शहरातील निवासस्थान. 'झाँ साँ प्योर' म्हणजे 'निर्भय झाँ'. १३९६ मधील निकोपोलिसच्या लढाईशी ड्यूक झाँच्या या उपनावाचा संबंध जोडतात. त्या लढाईत तो तुर्कांच्या हाती सापडला आणि खंडणी देऊन सुटला.

पार्श्वभूमी

मूळ वाडा आर्त्वाचा काउंट दुसरा रोबेर याने १२७० च्या सुमारास बांधला. पुढे झाँची आई, फ्लँडर्सची मार्गारेट, हिच्याकडून तो बर्गंडीच्या घराण्याकडे आला. राजा सहावा चार्ल्स वेडाच्या झटक्यांनी ग्रासलेला असल्यामुळे सत्ता कोणी चालवायची यावरून झाँ आणि राजाचा धाकटा भाऊ लुई (ऑर्लेआँचा ड्यूक) यांच्यात वैर माजले. हे दोघे चुलतभाऊ होते. २३ नोव्हेंबर १४०७ च्या रात्री पॅरिसच्या रस्त्यात मारेकऱ्यांनी लुईला ठार केले. हत्येमागे आपणच होतो, हे झाँने कबूल केले आणि तो शहर सोडून निघून गेला. पॅरिसमध्ये पुन्हा जम बसल्यावर १४०९ ते १४११ या काळात त्याने हा मनोरा बांधवून घेतला.

रचना

फिलिप ऑगस्ट राजाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी उभारलेल्या तटाला लागून मनोरा बांधलेला आहे. नवा तट पुढे सरकल्याने जुना तट तोवर निरुपयोगी झाला होता. आत रुंद चक्री जिना आहे. जिन्याच्या मधल्या खांबाच्या टोकाला दगडी कुंडी कोरलेली असून तिच्यातून फुटलेल्या ओकच्या फांद्या छतभर पसरतात. ओकची पाने वडील फिलिपचे, हॉथॉर्नची आईचे आणि हॉपची वेल स्वतः झाँचे प्रतीक मानली जाते. वरच्या खोल्यांना जोडून शौचकूप असून त्याचा नळ भिंतीच्या जाडीतून खाली उतरतो. शेजारच्या चुलीच्या उबेचा लाभ त्याला मिळत असे.

मारेकऱ्यांच्या भीतीने ड्यूक वरच्या खोलीत झोपत असे, म्हणून मनोरा बांधला, ही समजूत जुनी आहे. वरच्या खोल्यांकडे नेणारा अरुंद जिना त्या समजुतीला पोषक ठरतो. मात्र मुख्य जिना एवढा ऐसपैस आणि त्याचे छत एवढे नटलेले आहे की, लपण्यापेक्षा दिसण्यासाठीच ही वास्तू उभारली असावी, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. बाहेरच्या भिंतीवर कोरलेला सुताराचा रंधा हेच सांगतो. लुईचे चिन्ह गाठीगाठींची काठी होते. झाँने त्याला उत्तर म्हणून रंधा हे चिन्ह घेतले. ती काठी तासून सपाट करण्याची ही जाहीर धमकी होती. लुईच्या खुनानंतर हे चिन्ह दगडात कोरणे म्हणजे केलेले कृत्य शहरासमोर मिरवणेच होते.

झाँला मात्र मनोऱ्याचा उपयोग झाला नाही. १० सप्टेंबर १४१९ रोजी मोंतेरो येथील पुलावर वाटाघाटीला गेला असता युवराजाच्या माणसांनी त्याला ठार केले. त्याच्या मुलाने इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि १४२० च्या त्र्वा येथील तहाने फ्रान्सच्या गादीचा वारसा इंग्लंडच्या राजाकडे जाण्याची वेळ आली.

नंतरचा काळ

१४७७ मध्ये बर्गंडीचा शेवटचा ड्यूक मरण पावल्यावर वाडा राजाच्या मालकीचा झाला. पहिल्या फ्रान्स्वाने १५४३ मध्ये त्याचे तुकडे पाडून विकण्याचा हुकूम दिला. एका तुकड्यावर १५४८ मध्ये नाट्यगृह बांधण्यात आले. 'ओतेल द बुर्गोन्य' याच नावाच्या त्या रंगभूमीवर पुढे रासीनची 'आंद्रोमाक' (१६६७) व 'फेद्र' (१६७७) ही नाटके झाली. आज त्या नाट्यगृहाचा मागमूस उरलेला नाही.

मनोरा मात्र खासगी घरांच्या गर्दीत दडून राहिला. एकोणिसाव्या शतकात एत्येन मार्सेल रस्ता काढताना भोवतालच्या इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा तो पुन्हा उजेडात आला. १८८४ मध्ये त्याला संरक्षित ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दुरुस्तीनंतर १९९९ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि मध्ययुगातील दैनंदिन जीवनावरील प्रदर्शने तेथे भरू लागली. मनोऱ्याला लागूनच एका शाळेचे आवार आहे.