अळिंबीवरील बुरशीरोग आणि सुगंधी तेले

लागवडीच्या अळिंबीवर येणाऱ्या उपद्रवी बुरशींचा बंदोबस्त लवंग, ओवा, गवती चहा, दालचिनी, ओरेगॅनो यांच्या बाष्पनशील तेलांनी करण्याची पद्धत. ही तेले मुख्यतः वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढतात. पिळून काढलेले कडुलिंबाचे तेल या वर्गात येत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात, अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे. राहुरी परिसरातील हवामान धिंगरी अळिंबीला मानवते. तिच्या बेडसाठी लागणारे गव्हाचे काड व सोयाबीनचे भुसकटही सहज मिळते. काड नीट निर्जंतुक झाले नाही, की बेडवर प्रथम ट्रायकोडर्माची हिरवी बुरशी दिसते. शेतात मररोगाविरुद्ध मित्रबुरशी म्हणून वापरतात त्या ट्रायकोडर्माच्याच वंशातली ही बुरशी. म्हणून तिची पाकिटे अळिंबीच्या खोलीजवळ मुळीच ठेवू नयेत. बटन अळिंबीवर ओला बुडबुडा, कोरडा बुडबुडा व कोळिष्टक हे रोग येतात.

प्रचलित उपायात १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम व १२५ मिलि फॉर्मालीन मिसळून काड १६ ते १८ तास भिजवतात. या मात्रेत कार्बेन्डाझिम हिरव्या बुरशीला रोखते, धिंगरीला फारसे बाधत नाही. मात्र याच गटातील औषधांना दाद न देणारे रोगकारक अनेक देशांत आढळले आहेत आणि फॉर्मालीनची वाफ डोळ्यांना व श्वासाला घातक असते.

रोग रोखून पिकाला न बाधणे, इथेच तेलांची खरी कसोटी लागते. अळिंबी स्वतःच बुरशी असल्याने रोगाला मारणारा थेंब पिकालाही मारू शकतो. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, गवती चहातील सिट्रल व ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल बुरशीच्या पेशीपटलाला इजा करतात. ते पटल अळिंबीलाही असते. म्हणून रोगबुरशी थांबते ती मात्रा आणि अळिंबीचे कवकजाल थांबते ती मात्रा यांत पुरेसे अंतर असणे हेच महत्त्वाचे. सोकोविच व ग्रिन्सव्हेन यांच्या २००६ मधील अभ्यासात बटन अळिंबीच्या प्रमुख रोगकारकांवर ओरेगॅनोचे तेल सर्वांत प्रभावी ठरले. परंतु प्रयोगशाळेतील बशीत मिळालेला निष्कर्ष बेडवर तसाच उतरेल असे नाही: तेल उडून जाते, पाण्यात मिसळत नाही आणि काडात शोषले जाते.

तेलाची फवारणी आधी दोन-चार बेडवर करून पाहावी. कवकजालाची वाढ मंदावली तर ती मात्रा सोडून द्यावी. काडाचे गरम पाण्यातील निर्जंतुकीकरण, ताजे बियाणे आणि रोगट बेड तत्काळ बाहेर काढणे यांची जागा कोणतेही तेल घेऊ शकत नाही.